पंचवीस ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट

बोईसरच्या त्या दुकानदाराने माझा आवाज ओळखला तेव्हा मला वाटलं, काम झालं. सव्वीस वर्षं मी त्याला फोनवरून ऑर्डर देत आले होते. आमच्या कंपनीच्या प्रयोगशाळेला लागणारी रसायनं त्याच्याकडूनच यायची. कधी बाटल्यांचे खोके, कधी पिंपं. एवढ्या वर्षांत प्रत्यक्ष भेट मात्र झाली नव्हती. मी दोन वाक्यं बोलले आणि तो खुर्चीतून उठला. "अरे, मॅडम तुम्ही? बसा ना." चहा मागवला. कंपनी बंद झाल्याचं ऐकून वाईट वाटलं म्हणाला. मग मी म्हटलं, मला पंचवीस ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट हवंय.

"कुठल्या कंपनीच्या नावाने बिल करू?"

"माझ्याच नावाने करा. घरी हवंय."

"घरी?" त्याने कप खाली ठेवला. "घरी कशाला?"

"विहिरीचं पाणी तपासायचंय. त्यात मीठ किती आहे ते बघायचंय."

त्याने बिलबुक मिटलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, तुम्हाला नाही म्हणताना मलाच कसंतरी होतं. पण पर्सनल नावावर आम्ही केमिकल देत नाही. कंपनीचं लेटरहेड आणा, जीएसटी नंबर आणा, आत्ता काढून देतो. नाहीतर पोलिसांची एनओसी आणा. त्यात हे नायट्रेट. नायट्रेट शब्द दिसला की तपासणीवाले आम्हालाच धरतात."

"पण स्फोटकांतलं ते नायट्रेट वेगळं आणि हे वेगळं. हे पाणी तपासायला वापरतात. तुम्हाला माहितीये ते."

"मला माहितीये," तो म्हणाला. "तपासायला येणाऱ्याला माहीत नसतं ना."

आमचं बोलणं चाललं होतं तेव्हा मागच्या गोदामातून अ‍ॅसिडचे निळे कॅन एका टेम्पोत चढत होते. ड्रायव्हर आत आला, चलनावर न वाचता सही केली आणि गेला. मी त्या टेम्पोकडे बघत चहा संपवला. सोबत चिमूटभर पिवळं सूचकही लागणार होतं, माझ्या चिठ्ठीत ते दुसऱ्या नंबरवर होतं. ते मागण्याची वेळच आली नाही.

तारापूरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात ज्याने नोकरी केली आहे त्याला माझा राग कळेल. तिथे हवेलाही वास असतो. कुठल्या गेटसमोरून रिक्षा जाते आहे हे आम्ही डोळे मिटून सांगायचो. मी रंगद्रव्यांच्या एका कंपनीत तपासणीच्या प्रयोगशाळेत होते. शेवटची काही वर्षं तर सगळी प्रयोगशाळा माझ्याच ताब्यात होती. विषारी रसायनांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. माझी सही असल्याशिवाय त्यातली बाटली हलत नसे. मग मालकांनी कारखाना गुजरातेत हलवायचं ठरवलं, आम्हाला हिशेब दिला आणि एका शुक्रवारी मी ती किल्ली टेबलावर ठेवून पालघरच्या घरी आले. त्या शुक्रवारपर्यंत माझ्यावर भरवसा होता. शनिवारपासून मी एक गृहिणी होते, आणि गृहिणीला पंचवीस ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट देता येत नाही.

घरी बसून मी काय करणार होते? टीव्ही बघायची सवय नव्हती. पहिल्या महिन्यात मागच्या बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी एक कडाप्प्याची फळी टाकून घेतली आणि तुरटीचे स्फटिक वाढवायला लागले. नवऱ्याला आधी वाटलं, मन रमत नाही म्हणून काहीतरी करते आहे. पण मला खरंच मजा येत होती. कंपनीत सव्वीस वर्षं मी एकच काम केलं होतं, माल पास की नापास ते सांगायचं. नमुना दुसऱ्याचा, पद्धत ठरलेली, उत्तराची मर्यादाही आधी छापलेली. इथे पहिल्यांदाच मी माझ्या मनातलं काहीतरी करून बघत होते. वाणगावच्या खतांच्या दुकानातून मोरचूद आणलं. दुकानदाराने विचारलं, "झाडं किती?" मी म्हटलं, "झाडं नाहीत, निळे स्फटिक करायचेत." तो हसला आणि पुडा बांधून दिला. पुढे बोईसरच्या एका भंगारवाल्याकडे मला बंद पडलेल्या कारखान्यांतल्या काचेच्या सामानाचा ढीग सापडला. ब्युरेट, पिपेट, चंचुपात्रं, सगळं पेंढ्यात गुंडाळलेलं. "मॅडम, स्कूल है क्या आपका?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं तर त्याने पुढे काही विचारलं नाही. टिचलेलं काय आणि धड काय ते तोच निवडून देत होता. काच कुणीही घेऊन जावी, तिच्यात घालायचं काय ते मागू नये, असा सगळा कारभार.

विहिरीचा विषय निघाला तो एडवणला, माझ्या माहेरी. आमचं घर मासेमारीवालं. भावाची होडी आहे, भावजय मासळी सुकवते आणि विकते. अंगणातल्या विहिरीचं पाणी आम्ही लहानपणापासून प्यायलेलो. त्या वर्षी मी गेले तर भावजयीने चहा केला आणि चहा फाटला.

"दूध बरं हाय," ती म्हणाली. "पानीच तसं झालंय. डाळ शिजत नाय, साबणाला फेस नाय. आता आमी प्यायला बाजूच्या आळीतनं आणतो."

भावाचं म्हणणं, खाडीकडे कोळंबीची तळी झाली तेव्हापासून हे सुरू झालं. शेजारचा म्हणे, तळी कशाला, गावात सगळ्यांनी बोअर मारली आणि उपसा वाढला म्हणून समुद्र आत शिरतोय. यावरून दोघांची बोलाचाली होऊन गेली होती. कुणीतरी मागे पाण्याची एक बाटली भरून नेली होती, पण तिचं पुढे काय झालं ते कुणालाच माहीत नव्हतं.

"ताय, तू एवढी शिकलेली," भाऊ म्हणाला. "जन्मभर तेच काम केलंस. पानी का खारं झालं, सांगता येयाचं नाय तुला?"

मी म्हटलं, येईल. आणि मला ते मनापासून वाटत होतं. मीठ किती हे काढणं म्हणजे बारावीच्या मुलांचा प्रयोग. मापून पाणी घ्यायचं, त्यात सूचकाचे दोन थेंब टाकायचे आणि वरून सिल्व्हर नायट्रेट सोडत जायचं. आधी दुधाळ पांढरं होतं, मग एका थेंबाला विटकरी झाक येते. किती थेंब लागले त्यावरून मीठ कळतं. माझ्या डोक्यात पुढचा बेतही तयार झाला. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण असतं, भरती वर चढते. अष्टमीच्या सुमाराला भरती लहान, तिला आमच्याकडे भांग म्हणतात. वर्षभर उधाणाला एकदा आणि भांगाला एकदा असं पाणी तपासायचं. मीठ भरतीच्या मागे मागे वरखाली झालं तर समुद्र आत येतोय. नाही झालं तर कारण दुसरीकडे शोधायचं. इतका सरळ आणि सुंदर प्रश्न मला नोकरीत कधी मिळाला नव्हता. घरी येताना बसमध्ये मी वहीत तक्ता आखून टाकला.

आणि मग मी बोईसरला त्या दुकानात गेले.

तिथून हात हलवत आल्यावर मी इंटरनेटवर शोधलं. तिथे सगळं होतं, अगदी पंचवीस ग्रॅमच्या बाटलीचा फोटोसुद्धा. मागणी नोंदवली, दुसऱ्या दिवशी रद्द झाली. संस्थेचं नाव भरा, असा निरोप. दुसऱ्या ठिकाणी संस्थेच्या रकान्यात मी स्वतःचं नाव टाकलं, तर एका मुलीचा फोन आला. गोड आवाजात म्हणाली, "मॅम, आपण स्कूल आहात की इंडस्ट्री?" मी म्हटलं, मी माणूस आहे. तिला ते भरायला जागा नव्हती. पालघरच्या औषधाच्या दुकानात विचारलं, तर तिथला म्हातारा म्हणाला, "पूर्वी पोटॅशियम परमँगनेटसुद्धा सुटं मिळायचं, मावशी. आता ठेवतच नाही. नको ती कटकट."

एक सांगायला हवं. नियम का असतात हे मला कुणी शिकवायची गरज नाही. अ‍ॅसिडने जळलेला हात मी पाहिला आहे. आमच्याच एका ऑपरेटरचा होता, आणि मी त्यावर नळाचं पाणी धरून उभी राहिले होते, गाडी येईपर्यंत. घराघरांतल्या भांडणांत अ‍ॅसिड कसं वापरलं जातं तेही वर्तमानपत्रात वाचतेच. पालघरच्या हार्डवेअरच्या दुकानात अ‍ॅसिड घ्यायचं तर रजिस्टरमध्ये नाव, पत्ता, ओळखपत्र आणि कारण लिहावं लागतं. मी लिहिलेलं आहे. मला त्याचा अजिबात राग आला नाही. तिथे निदान कुणी तरी कारण विचारत होतं आणि मी ते सांगू शकत होते. सिल्व्हर नायट्रेटच्या बाबतीत माझं कारण ऐकून घ्यायलाही कुणी बसलेलं नव्हतं. हाताला काळे डाग पडतात, डोळ्यात जाऊ द्यायचं नाही, काचेच्या गडद बाटलीत ठेवायचं, उरलेलं मोरीत ओतायचं नाही, हे सगळं मी त्यांना न अडखळता सांगितलं असतं. पण ते विचारणारी खुर्चीच कुठे नव्हती.

दुकानदार एनओसी म्हणाला होता, म्हणून मी पोलीस स्टेशनला गेले. माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. एका कॉन्स्टेबल बाईंनी बसायला दिलं, पाणी दिलं. वाटलं असेल घरातली काही तक्रार आहे. साहेब आले.

"एनओसी कशाची?"

"एक रसायन विकत घ्यायचंय. घरी पाणी तपासायला."

"फॅक्टरी कुठे आहे?"

"फॅक्टरी नाही. घरीच. छंद म्हणून."

"छंद?" ते कॉन्स्टेबल बाईंकडे बघून म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बाई, पाणी तपासून पाहिजे तर सरकारी लॅब आहे ना. बाटली नेऊन द्या."

"एकदा नाही तपासायचं. महिन्यातून दोनदा, वर्षभर. आणि मला स्वतःला तपासायचंय."

"का?"

कुणी संध्याकाळी पेटी वाजवतं, कुणी गच्चीत गुलाब लावतं, त्यांना का म्हणून कुणी विचारत नाही. मी म्हटलं, मला ते येतं म्हणून. साहेब वाईट नव्हते. आमच्याकडे असा फॉर्मच नाही, म्हणाले, तुम्ही वर अर्ज करा.

वर म्हणजे जिल्ह्याची एक कचेरी. तिथल्या कारकुनाने सांगितलं, उद्योगाची नोंदणी करून घ्या, मग सोपं जाईल. मी म्हटलं, मला उद्योग करायचा नाही. मग शिक्षणसंस्थेचं पत्र आणा. मी म्हटलं, माझं शिक्षण होऊन तीस वर्षं झाली. तो वैतागला, आणि मला त्याचा वैताग कळत होता. त्याच्यासमोरच्या कागदावर जितके रकाने होते त्यातल्या एकातही मी बसत नव्हते. शेवटी त्याने साध्या कागदावर अर्ज घेतला, शिक्का मारला आणि म्हणाला, चौकशी होईल.

चौकशी झाली. तीन आठवड्यांनी एक हवालदार दुपारी घरी आले. मध्यम वयाचे, जिने चढून दमलेले. पाणी प्यायले आणि म्हणाले, "ते काय आहे ते दाखवा." मी बाल्कनीत नेलं. त्यांनी ब्युरेट पाहिली, स्फटिकांच्या बरण्या पाहिल्या. एका बाटलीत जास्वंदीच्या फुलांचं पाणी होतं. "हे?" मी त्यात लिंबू पिळून दाखवलं, लालभडक झालं. दुसऱ्या वाटीत खायचा सोडा टाकला, हिरवं झालं. ते खूश झाले. "आमच्या पोरीला दाखवायला पाहिजे," म्हणाले आणि मोबाईलवर फोटो काढून घेतला. जाताना त्यांनी वॉचमनकडे आणि खाली भेटलेल्या आमच्या सेक्रेटरींकडे माझी चौकशी केली. तो त्यांच्या कामाचाच भाग होता.

अहवालात त्यांनी काय लिहिलं ते मला पुढे त्याच कारकुनाने वाचून दाखवलं. "सदर महिलेच्या राहत्या घरी प्रयोगशाळा आढळून आली." आढळून आली. मीच हाताला धरून दाखवलेली. या एका वाक्यामुळे अर्ज आणखी वरच्या टेबलावर गेला आणि तिथे बसला.

सोसायटीत त्याहून लवकर काम झालं. चार दिवसांत लिफ्टच्या बाजूला सूचना लागली की कुठल्याही सभासदाने सदनिकेत ज्वालाग्राही अथवा रासायनिक पदार्थ बाळगू नयेत. सगळ्यांना कळत होतं ती कुणासाठी आहे. मी सेक्रेटरींकडे गेले. त्यांच्या बायकोने दार उघडलं, आत फिनेलचा वास येत होता.

"ताई, वैयक्तिक काही नाही," सेक्रेटरी म्हणाले. "पण पोलीस आले म्हटल्यावर लोक घाबरतात. खाली लहान मुलं खेळतात. तारापूरला काय काय होतं आपण बघतोच."

"तुमच्या बाथरूममध्ये संडास धुवायचं अ‍ॅसिड आहे ना?"

"ते वेगळं."

"ते जास्त धोक्याचं आहे. माझ्याकडे तुरटी आणि मोरचूद आहे."

"अहो, तुम्हाला माहितीये हो. आम्हाला कुठे माहितीये?"

दुकानदाराचं वाक्य जरा फिरवून माझ्याकडे परत आलं होतं. मी घरी आले आणि मोरचुदाच्या बरण्या धुऊन टाकल्या. नवरा म्हणाला, "कशाला एवढं मनाला लावून घेतेस?" मी म्हटलं, "तुला कुणी घरात भाजी चिरायला बंदी केली तर?" तो म्हणाला, "मी कुठे भाजी चिरतो?" त्या दिवशी मी त्याच्याशीही नीट बोलले नाही.

याच सुमारास माझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलीचा फोन आला. मुलगी कसली, आता चाळिशीची आहे, दुसऱ्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळते. तिला कुठून तरी सगळं कळलं होतं. ती म्हणाली, "मॅडम, किती त्रास करून घेताय. आमच्याकडे शेल्फवर पडलंय. मी डब्यातून आणून देते, कुणी बघत नाही."

मी लगेच नाही म्हटलं नाही. हे कबूल करायला हवं. फोन कानाला धरून मी बाल्कनीतल्या रिकाम्या ब्युरेटकडे बघत राहिले. मग मला आमच्या कंपनीतला एक पॅकिंगचा कामगार आठवला. मोठा माणूस, तीन मुलांचा बाप, कंत्राटावर होता. त्याने घरच्या खिडक्यांचा जुना रंग काढायला अर्धी बाटली अ‍ॅसिटोन डब्यात लपवून नेलं आणि गेटवर सापडला. मला विचारलं गेलं. बाटली माझ्या कपाटातली, म्हणून मी खरं ते लिहून दिलं. दुसऱ्या दिवसापासून तो दिसला नाही. त्या वेळी मला त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. नियम म्हणजे नियम. त्याने मला आधी विचारलं असतं तर मी दिलं असतं का, हे मी त्या फोनवर पहिल्यांदा स्वतःला विचारलं. नसतं दिलं. मीही त्याला म्हटलं असतं, तुझ्या नावावर देता येत नाही.

"नको," मी तिला म्हटलं. "उद्या गेटवर तुझी पिशवी उघडली तर?"

"मॅडम, माझी कोण उघडणार?"

"तरी नको."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ चिडलेली होते, तिच्यावर नाही आणि पुरती माझ्यावरही नाही.

शेवटी मी शिकले त्या कॉलेजात गेले. रसायनशास्त्राचे विभागप्रमुख माझ्याहून लहान होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, शनिवारी मुलं नसतात, या तुम्ही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणी तरी भरतीबद्दल विचारलं, उधाणानंतर नमुना किती तासांनी घेता, असं. मी एडवणहून उधाणाचं पाणी घेऊन गेले. ब्युरेट भरली, तोटी सोडली. हाताला सगळं आठवत होतं. पाणी दुधाळ झालं आणि शेवटच्या थेंबाला ती विटकरी झाक आली, तेव्हा मला हसू आलं. सर बाजूला उभे होते, तेही हसले. आठ दिवसांनी भांगाचं पाणी तपासलं. मीठ कमी निघालं, चांगलंच कमी.

दोन आकडे मिळाले. दोन आकड्यांवरून काही म्हणता येत नाही, हे सरांनाही माहीत होतं आणि मलाही. तिसऱ्या खेपेला मी गेले तर सर दारातच भेटले. परीक्षा लागल्या होत्या. आणि वरून विचारणा झाली होती की बाहेरची व्यक्ती प्रयोगशाळेत काय करते, काही झालं तर जबाबदारी कुणाची. "तुम्ही एखाद्या कोर्सला नाव घाला," ते ओशाळून म्हणाले, "मग मला काही अडचण नाही." माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती. ती तशीच घेऊन मी स्टेशनपर्यंत चालत आले.

एडवणला भावाला हे सांगणं सगळ्यात जड गेलं.

"म्हंजे नाय जमत," तो म्हणाला.

"जमतं रे. सामान देत नाहीत."

"ताय, मी डिझेल घेयाला जातो तर मला कागद मागतात, मी दाखवतो. तुज्याकडं कागद नाय?"

"माझ्यासाठी कागदच नाही."

त्याला ते खरं वाटलं नाही. मी काहीतरी कमी पडले असं त्याला वाटलं, आणि त्याचं बरोबर नव्हतं असं मला छातीठोकपणे म्हणता येईना. शिकलेल्या बहिणीचं शिक्षण कपाटातल्या बाटलीवर अवलंबून असतं, हे त्याला कसं कळणार?

मग मी पाण्यातले क्षार मोजायचं एक यंत्र मागवलं. पेनाएवढं असतं, पाण्यात बुडवलं की आकडा दाखवतं. मागणी नोंदवताना मला कुणी काही विचारलं नाही. दोन दिवसांत दारात आलं. मला ते आवडत नाही, आजही आवडत नाही. पाण्यात एकूण किती विरघळलंय तेवढं ते सांगतं, काय विरघळलंय ते सांगत नाही. मीठ असो, चुना असो, त्याला सारखंच. पण भावाला ते फार आवडलं. तो ते बनियनच्या खिशात घालून फिरायला लागला. उधाण आणि भांग त्याला माझ्यासारखं वहीत बघावं लागत नाही, ते त्याच्या अंगात आहे. तो बुडवायचा आणि भावजय आकडा पंचांगाच्या कागदावर लिहायची. सलग पाच उधाणांना आकडा चढला आणि भांगाला उतरला. शेजाऱ्यालाही त्याने बोलावून दाखवलं. त्या दोघांनी मिळून ठरवलं की उधाणाच्या चार दिवसांत दोन्हीकडचे पंप बंद ठेवायचे. पाणी गोड झालं नाही. पण चहा आता बहुतेक वेळा फाटत नाही, असं भावजय म्हणते. कोळंबीची तळी की बोअर, हा वाद अजून मिटलेला नाही, कारण तो मिटवायला लागतं ते ज्ञान त्या पेनात नाही.

घरचे सगळे म्हणतात, झालं ना काम, आता कशाला कुढतेस. त्यांना कसं सांगू की ते काम मी केलं नाही. मी फक्त एक वस्तू मागवली.

मागच्या भेटीत ओट्यावर बसून मी बोंबील साफ करायला मदत करत होते, तेव्हा आळीच्या टोकाची एक बाई आली. ओळखीची नव्हती. तिच्या हातात पाण्याची बाटली होती आणि पाण्याला तांबूस रंग होता. तिने बाटली माझ्यासमोर ठेवली.

"तुमी पानी तपासता ना? ह्यात काय हाय ते सांगा. पोरांचं कपडं लाल होतात."

मी बाटली उन्हात धरून पाहिली. तळाशी बारीक गाळ बसला होता. लोखंड असणार, मला जवळजवळ खात्री होती. ते ओळखायला काय काय लागतं, रंग कोणता येतो, सगळं डोक्यात तयार होतं. भावाने पेन आणून बुडवलं, आकडा आला, आणि तो आकडा तिच्या काही कामाचा नव्हता.

"हे सांगता येईल," मी म्हटलं. "पण त्याला दोन-तीन वस्तू लागतात."

"मंग आणा की," ती म्हणाली. "कदी येऊ मी?"

भाऊ माझ्याकडे बघत होता. मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि तिला म्हटलं, बाटली इथेच ठेवून जा.